वाघबीळच्या उतारावर: घरगुती हायड्रोजन किटने खाल्लेलं एक मॅनिफोल्ड

गाडी आली ती टोचन करून. तीन सिलिंडरची, 796 सीसीची जुनी कार्बोरेटरवाली व्हॅन, पाव-खारी-टोस्टची. मालक रोज पहाटे कोल्हापुरात माल भरतात, पन्हाळ्यावरच्या दुकानांना टाकतात आणि दहाच्या आत खाली येऊन गावातली गिऱ्हाइकं करतात. सोबत त्यांचा भाचा होता, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा. शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर गाडी लागली तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. मामा तोंड उघडायच्या आधीच भाचा म्हणाला, "मिस्त्री, किटचा काही संबंध नाही हां."

गाडीला हायड्रोजन किट आहे हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे गाडीच्या विजेनं पाणी फोडायचं आणि निघालेला गॅस इंजिनात सोडायचा, ॲव्हरेज वाढेल या आशेनं.

तक्रार अशी: आठवडाभर आयडलिंग वरखाली होत होतं. मग सकाळी एक्सलरेटर जड लागायला लागला, आणि त्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली ती पडलीच. पुढची सीट उचलून कार्बोरेटर सोडला. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाकडं जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, दांडी जागेवर घट्ट बसली होती. तिच्या मुळाशी पांढरा खर जमला होता, जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवर जमतो तसा, पण बोटाला ओलसर, बुळबुळीत लागणारा. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे तिथून सिलिंडरकडं हवा-पेट्रोल नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वाटेत, टॉर्च मारला. ज्या निप्पलला किटची नळी जोडली होती त्याच्या भोवतालचं ॲल्युमिनियम खडबडीत, काळपट झालं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं तर काळी भुकटी आली आणि खाली दोनेक मिलिमीटरचा खड्डा निघाला.

ही काळी भुकटी बघितली की ओतकामातला माणूस चटकन ओळखतो. इंजिनाचे भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात, त्यात सिलिकॉन असतं, थोडं तांबं असतं. अल्कली ॲल्युमिनियम खाते, सिलिकॉन आणि तांबं तसंच मागं ठेवते. राखेसारखं उरतं ते हेच. पेट्रोलच्या काजळीला तेलकट वास येतो, हिला काहीच वास नव्हता.

पांढऱ्या खरावर घरातल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. फसफसलं. म्हणजे कार्बोनेट. किटच्या पाण्यात वीज वाहावी म्हणून कॉस्टिक पोटॅश घालतात, जहाल अल्कली. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. ते आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरडं राहत नाही. हवेतला ओलावा शोषून चिकट होतं, आणि त्या चिकटपणातही ते चांगलंच अल्कधर्मी असतं. उन्हाळ्यात हाच खर कोरडा पडून बराच काळ गप्प बसला असता. जुलैत तो रात्रभर ओला राहून काम करत होता.

भाच्यानं केलेलं काम एरवी नीटनेटकं होतं, हे सांगायला हवं. 316 एल स्टीलच्या पाच प्लेटा लेझरवर कापून घेतलेल्या, मध्ये रबराची गॅस्केटं, दोन्ही बाजूंनी जाड ॲक्रिलिक, आठ बोल्ट, हा झाला सेल. द्रावणासाठी एक टाकी. टाकीतून गॅस एका बबलरमध्ये, तो बबलर म्हणजे पाण्याच्या फिल्टरचं पारदर्शक भांडं, पाणी भरलेलं, गॅस त्यातून बुडबुडत जातो, आणि तिथून नळी थेट इनटेक मॅनिफोल्डच्या निप्पलला. मॅनिफोल्ड ओढून घेतं, मग गॅस आपोआप जातो, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. मॅनिफोल्ड ओढून घेत होतं.

मी विचारलं, "टाकीत काय काय घालतोस, आणि किती दिवसांनी?"

"आठवड्याला सव्वा लिटर पाणी. आणि अँपिअर उतरले की चमचाभर पोटॅश."

इथं माझे कान टवकारले. पाण्याचं विघटन होताना खर्च होतं ते फक्त पाणी. पोटॅश नुसतं विजेला वाट करून देतं, त्यातला एक कणही हायड्रोजन होऊन जात नाही. एकदा घातलेलं पोटॅश टाकीत राहायला पाहिजे, आणि वर फक्त डिस्टिल्ड पाणी घालत राहायला पाहिजे. थोडं कार्बोनेट होतं, तेवढं सोडा. दर आठवड्याला पोटॅश घालावं लागतंय म्हणजे ते टाकीतून बाहेर पडतंय, आणि टाकीला बाहेर जायची वाट एकच होती.

पाण्याचाही ताळा करून बघितला. किट सरासरी 15 अँपिअर घेत होतं. पाच प्लेटांमध्ये चार घरं. फॅरेडेच्या नियमानं 15 अँपिअर चार घरांतून तासभर गेले की साधारण 20 मिलिलिटर पाण्याचा गॅस होतो. रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 18 तास आणि 360 मिलिलिटर. गरम सेलमधून वाफ जाते तिचे सढळ हातानं 200 धरले. तरी सव्वा लिटरमधलं निदान अर्धा लिटर पाणी गॅस न होता, पाणी म्हणूनच गेलं होतं. पोटॅशसकट.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पण बबलर आहे की मध्ये!"

बबलरमधलं पाणी एका वाटीत काढलं. वर्कशॉपच्या कपाटात मी हळदीच्या पट्ट्या ठेवतो. हळद स्पिरिटमध्ये कालवायची, टिपकागद बुडवायचा, सावलीत वाळवायचा. सांगलीची हळद तासाभरावर मिळते, लिटमस आणायला कोण जातं! लग्नातल्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो कसा लाल होतो हे घराघरांत माहीत असतं, तीच ही परीक्षा. बबलरच्या पाण्यात पट्टी बुडवली तशी ती विटकरी लाल झाली. बबलर पहिले काही दिवस गॅस धूत असेल. नंतर तो स्वतःच कॉस्टिकची दुसरी टाकी झाला होता, आणि त्याच्यातून जाणारा गॅस कॉस्टिकचेच तुषार पुढं नेत होता.

इथं एक गैरसमज सांगतो, कारण तो मी पाच-सहा जणांकडून ऐकलाय. "सेल स्टीलचा आहे, त्याला काही होत नाही, मग इंजिनाला काय होणार?" लोखंड आणि स्टील अल्कलीत बऱ्यापैकी टिकतं, खरं आहे. सिलिंडरचा लायनर ओतीव लोखंडाचा, व्हॉल्व्ह पोलादाचे, त्यांना वाटेत थोडं कॉस्टिक भेटलं तर लगेच काही बिघडत नाही. पण मॅनिफोल्ड, हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात आणि कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. हे दोन्ही धातू आम्लालाही बळी पडतात आणि अल्कलीलाही. ॲल्युमिनियमला वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा, काही नॅनोमीटर जाडीचा. पीएच साधारण 4 ते 8.5 असेल तोवर तो टिकतो. दहा टक्के पोटॅशचा पीएच 14 च्या घरात. पापुद्रा विरघळतो, खालचा धातू पाण्याशी भिडतो, ॲल्युमिनेट तयार होतं आणि वर हायड्रोजन सुटतो. म्हणजे मामांची गाडी शेवटी खरोखरच हायड्रोजन बनवत होती, फक्त मॅनिफोल्ड खाऊन.

मॅनिफोल्डला शेजारच्या गल्लीत आर्गन वेल्डिंग मारून घेतलं आणि निप्पलची जागा नव्यानं फेस केली. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर पांढरा थर होता, तो बदलला. निप्पल त्याच बाजूला असल्यानं जास्तीत जास्त माल तिकडंच गेला होता. हेड उतरवायची वेळ आली नाही. पोर्टमधून वाकून बघितलं तर खडबडीतपणा वरवरचा होता आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकसारखं होतं. इंजिन ऑइल मात्र काढून टाकलं. कार्बोरेटर पूर्ण सोडून आधी कोमट पाण्यानं धुतला, मग व्हिनेगरमध्ये दोन मिनिटं, परत पाणी, हवा, आणि दांडीला तेल. हा क्रम उलटा करू नये. आधीच व्हिनेगर ओतलं की खराच्या फेसात सगळे गाळ जेटमध्ये जाऊन बसतात. शेवटी प्रत्येक खाचेला ओली हळदीची पट्टी लावून बघितली. पिवळी राहिली की काम झालं.

प्रश्न होता कॉस्टिक नेमकं केव्हा जातं. मामांचं ठाम मत होतं की चढाला जातं. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढं गाडी तिरकी होते, टाकी हिंदकळते, द्रावण नळीत शिरतं. मलाही तसंच वाटत होतं. भाच्यानं तर टाकीला आडव्या पट्ट्या बसवायची तयारी केली होती.

पाऊस जरा उघडल्यावर एका सकाळी तिघं निघालो. बबलर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये एक पारदर्शक नळी टाकली, तिच्यात हळदीत बुडवून वाळवलेला कापूस सैलसर भरला. त्याच्या पुढं एक जाड रिकामी बाटली, म्हणजे आलेलं तिथंच पडावं आणि नवं काम खराब होऊ नये. मॅनिफोल्डची ओढ इंच पाऱ्यात दाखवणारं व्हॅक्यूम गेज लावलं आणि सेलच्या कडेला तापमानाची वायर बांधली. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेलं, वाघबीळला पहिल्यांदा थांबून सीट उचलली. कापूस पिवळा. पन्हाळ्यावर पोचलो, परत बघितलं. कापूस पिवळाच. मामांचा चेहरा पडला, जणू चढ नापास झाला. गेजवर चढाला तीन-चार इंच दिसत होते. सेलचं तापमान मात्र 71 अंश, आणि सकाळी 9 वर असलेले अँपिअर 15 च्या पुढं गेलेले.

झुणका-भाकरी खायला थांबलो नाही, सेल थंड झाला असता. तसंच उतरायला लागलो. मामांनी सवयीप्रमाणं गाडी तिसऱ्यात ठेवली, पाय एक्सलरेटरवरून काढला, इंजिनावर गाडी सोडली. गेजचा काटा 21 इंचांवर जाऊन चिकटला. वाघबीळला सीट उचलली तर कापूस बोटभर लाल, बबलरमध्ये फेस आणि पाणी निम्म्यावर. गावात शिरेपर्यंत सगळा कापूस विटकरी झाला होता आणि पुढच्या बाटलीत चहाच्या कपाचा तळ भरेल एवढं पाणी जमलं होतं.

कारण साधं आहे, एकदा दिसलं की. चढाला थ्रॉटल उघडा असतो, मॅनिफोल्डमध्ये ओढ फार नसते. पण इंजिन जोर करतंय, अल्टरनेटर पूर्ण भरात आहे, म्हणून सेल तापत जातो. उतारावर थ्रॉटल बंद आणि चाकं इंजिनाला फिरवतात, म्हणून ओढ सगळ्यात जास्त. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाब साधारण 28 इंच पारा. त्यातले 21 गेले, उरले 7. दाब पाव भागावर आला की प्रत्येक बुडबुडा चौपट फुगतो. त्यात एवढ्या कमी दाबाला साधं पाणी 64 अंशांच्या आसपास उकळतं, पोटॅश असल्यानं दोन-चार अंश वर. सेल होता 71 वर. म्हणजे उताराला लागल्याबरोबर टाकीतलं द्रावण चक्क उकळायला लागायचं, दूध उतू जावं तसं, आणि वरून मॅनिफोल्ड ते स्ट्रॉनं ओढल्यासारखं ओढायचं.

याचा दुसरा अर्थ जास्त वाईट होता. बबलरमधलं पाणी हे आग मागं जाऊ नये म्हणून असतं. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असलेला हा गॅस पेटायला 0.02 मिलिज्यूलएवढीही ठिणगी पुरते, आणि कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत बॅकफायर ही काही नवलाची गोष्ट नाही. जी ओढ कॉस्टिक इंजिनात नेत होती तीच बबलर रिकामा करत होती. मामा रोज खाली उतरत होते ते सीटखाली अर्धा रिकामा बबलर घेऊन. मी हे त्यांना जरा सौम्य करून सांगितलं.

फेस एवढा का होतो, तेही बघितलं. प्लेटा लेझरहून आल्यावर भोकं ड्रिलनं मोठी केली होती, सोल्युबल ऑइल लावून. मग थिनरनं पुसल्या, पण धुतल्या नाहीत. त्या तेलात इमल्सिफायर असतो, साबणाचाच भाऊबंद, आणि वनस्पती तेलाचा अंश असेल तर कॉस्टिकबरोबर त्याचा सरळ साबण होतो. सेलमध्ये भाच्यानं नकळत साबणाचं पाणी करून ठेवलं होतं.

तापण्याचं कारण प्लेटांच्या मोजणीत होतं. 13.8 व्होल्ट चार घरांत वाटले की एका घराला 3.45 येतात. पाणी फोडायला लागणारी सगळी ऊर्जा 1.48 व्होल्टमध्ये भागते, वरचं सगळं नुसती उष्णता. सात प्लेटा घालून सहा घरं केली की घराला 2.3 येतात आणि सेल बराच गार राहतो.

मग काय बदललं ते सांगतो. सगळ्यात मोठी गोष्ट एकच: नळी मॅनिफोल्डवरून काढून एअर फिल्टरच्या बाजूला, कार्बोरेटरच्या अलीकडं जोडली. तिथं ओढ नावालाच असते. गॅस आपल्या दाबानं जेवढा येईल तेवढा जातो, द्रावण उकळायचा प्रश्नच मिटतो. माझ्या मते बाकी सगळं यानंतर. नळी मॅनिफोल्डला ठेवून कोणी तीन बबलर लावले तरी गरम सेल तिन्ही रिकामे करेल, फक्त उशिरा.

बाकीचं म्हणजे सात प्लेटा, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं घासून, पाच वेळा खळबळून. टाकी मोठी आणि निम्मीच भरलेली, म्हणजे वर फेस मोडायला जागा. बबलरनंतर एक कोरडी बाटली, तिच्यात भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी सैल भरून, गॅस खालून आत आणि वरून बाहेर. तुषार तारेला आदळून थेंब होतात आणि खाली पडतात. ॲल्युमिनियमची घासणी चालणार नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. नळी इंजिनाकडं चढती ठेवली, लोंबता वळसा कुठं नाही. सेल आणि बबलरच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कारण गाडी बंद झाल्यावर सेल थंड होताना बबलरचं पाणी मागं ओढतो. आणि ऑइल प्रेशरच्या स्विचवर रिले, म्हणजे इंजिन थांबलं की गॅस थांबला. नुसत्या चावीवर ठेवलं तर बंद पडलेल्या गाडीत सीटखाली गॅस साठत राहतो.

भाच्याला बबलरमध्ये व्हिनेगर घालायचं होतं, कुठल्या तरी व्हिडिओत बघून. मी नको म्हटलं. व्हिनेगरची वाफ स्वतः इंजिनात जाते, आणि ते संपलं कधी हे कळत नाही. साधं पाणी आणि त्यात चिमूटभर हळद. लाल दिसलं की बदल.

टाकीतलं जुनं द्रावण पिवळसर झालं होतं. स्टीलमधला क्रोमियम धन प्लेटेवरून क्रोमेट होऊन सुटतो, तो पिवळा रंग. विषारी असतं ते. भाचा ते मोरीत ओतायला निघाला होता, मी हात धरला. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय, प्लेटिंगवाल्याच्या सांडपाण्याबरोबर जाईल.

पुन्हा पन्हाळा केला. तापमान 48. खाली येईपर्यंत कापूस पिवळा. भाच्यानं त्याचा फोटो काढला.

इथं प्रकरण संपायला हरकत नव्हती, पण मामांनी विचारलं, "मिस्त्री, ॲव्हरेज वाढतंय ना पण?" मग तोही हिशेब मांडला. 15 अँपिअर आणि चार घरांतून मिनिटाला साधारण 0.63 लिटर गॅस येत होता. हे इंजिन 3000 आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला 1200 लिटरच्या आसपास हवा घेऊ शकतं. त्या गॅसमधल्या हायड्रोजनची ऊर्जा 75 वॉट. पेट्रोल इंजिन त्यातला पाव भाग चाकाकडं देईल, म्हणजे 19 वॉट. हा गॅस बनवायला लागली 207 वॉट वीज, आणि अल्टरनेटरची गळती धरून पट्ट्यावरून इंजिनाकडून घेतले गेले पावणेचारशे वॉट. नव्या सेलचे आकडे थोडे बरे आहेत, गणिताची दिशा तीच.

"पण मला तर फरक पडला होता."

पडलाच असेल. किट बसवलं त्याच दिवशी भाच्यानं एअर फिल्टर बदलला होता, प्लग बदलले होते आणि मिक्स्चरचा स्क्रू बारीक केला होता. शिवाय नवं काही बसवलं की माणूस महिनाभर गाडी हळू चालवतो. टाकी फुल ते टाकी फुल, किट चालू ठेवून एकदा आणि फ्यूज काढून एकदा, त्याच रस्त्यावर मोजायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आकडे आले: किटसह 14.6, किटशिवाय 14.9. मामांनी आकडा वाचला आणि भाच्याकडं बघितलं. भाचा म्हणाला, "मामा, तीन पॉइंटचा फरक वाऱ्यानंबी पडतोय." तेवढं त्याचंही बरोबर होतं. वाढ नव्हती एवढं मात्र दोघांना पटलं.

त्यात गाडीच्या इंधनव्यवस्थेत असा बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये विनापरवाना बसत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार, हे मामांनीच स्वतःहून काढलं. कुठून तरी ऐकून आले होते.

किट उतरवलं. एअर फिल्टरच्या बाजूचं भोक रबरी बूच लावून बंद केलं. सेल भाच्यानं घरी नेला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तो गाडीत न बसवता टेबलावर चालवणार आहे, विषय निवडलाय इलेक्ट्रोलायझरमधून बाहेर पडणाऱ्या तुषारांचं मोजमाप. हळदीच्या पट्ट्यांचं एक पाकीट माझ्याकडून घेऊन गेला. पैसे द्यायला लागला तर म्हटलं, मामाकडून चार खारी आण.